दोन विमानतळांमधील अंतर आणि वेळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितले, 'दोन विमानतळांमधील अंतर आणि वेळ.' त्यावर क्षणभर कोणीच बोलले नाही. मग एकाने हळूच विचारले, 'गुरुजी, बेंबळीला विमान येणार आहे काय?' तसे काही नाही, हे प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे त्या आशेने जे आले असतील त्यांना वेळीच उठता येईल. बेंबळीला विमान येणार नाही. पण बेंबळीची माणसे विमानाने जाऊ लागली आहेत, आणि जी जात नाहीत ती घरी बसून विमानाची वाट पाहू लागली आहेत. आजचे माझे बोलणे मुख्यतः या वाट पाहणाऱ्यांसाठी आहे.

हा विषय मी का निवडला ते सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती या मंडपात कबूल करावी असे बरेच दिवस मनात होते. काही वर्षांपूर्वी, चैत्रातच, माझी थोरली बहीण वारली. गाव आपल्याच पंचक्रोशीतील. मंगळवार होता आणि संध्याकाळचे सात वाजले होते. मुलगी जवळ होती. मुलगा अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीस. त्याला फोन केला. 'मी निघतो,' एवढेच तो म्हणाला. अंगणात जमलेल्या मंडळींनी माझ्याकडे पाहिले. तीस वर्षे भूगोल शिकवलेला माणूस मीच. 'गुरुजी, किती वाजेपर्यंत पोहोचेल?' मला वर्तमानपत्रात वाचलेले आठवले की, सॅन फ्रान्सिस्कोहून भारतात थेट येणारे विमान सोळा तासांच्या आसपास घेते. संध्याकाळचे सात, अधिक सोळा, म्हणजे उद्या सकाळचे अकरा. वर रस्त्याचे काही तास. मी म्हणालो, 'उद्या दिवस मावळायच्या आत येईल.'

गावाने माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. बर्फाच्या लाद्या आणल्या. बुधवारचा दिवस मावळला, मुलाचा पत्ता नाही. फोनही लागेना, कारण तो अजून आकाशात होता. रात्री फोन आला तो आखातातील एका विमानतळावरून. बर्फ संपत आला होता, उन्हाळा मी म्हणत होता. जाणत्या माणसांनी विचार करून ठरविले की आता थांबवत नाही. गुरुवारी उजाडताना मुलीने आईला अग्नी दिला. मुलगा दुपारी दोन वाजता गाडीतून उतरला.

माझा हिशेब जवळजवळ एका दिवसाने चुकला होता. बेरीज बरोबर होती. सात आणि सोळा यांची बेरीज मला येते. चुकले होते ते निराळेच. ते काय चुकले, हे समजून घेण्यासाठी मी पुष्कळ वाचले, पुष्कळांना विचारले, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो आहे.

आरंभ आपल्या घरच्या अनुभवापासून करू. 'अंतर किती?' या प्रश्नाला आपण खेड्यातील माणसे मैलांत किंवा किलोमीटरांत उत्तर देतच नाही. पूर्वी म्हातारी माणसे कोसाने बोलत. पण कोसभर म्हणजे काय, तर 'विडा चघळून होईस्तोवर' असेही सांगत. सोलापूरहून तुळजापूर किती? पंचेचाळीस किलोमीटर. पण कोजागरीला जे हजारो भक्त ती वाट पायी तुडवतात, त्यांना विचारा. ते म्हणतील, 'एक रात्र.' हे उत्तर अडाणीपणाचे नाही. चालणाऱ्याला किलोमीटरशी कर्तव्य नसते. कधी निघावे आणि कधी पोहोचेन, एवढेच त्याला हवे असते. आपले पूर्वज अंतर वेळात मोजीत, आणि तो वेळ निघण्यापासून पोहोचण्यापर्यंतचा पुरा असे. वाटेतला विसावाही त्यात धरलेला असे. विमानाच्या बाबतीत आपण हे शहाणपण विसरलो.

आता विमानतळांमधील अंतर म्हणजे काय, ते पाहू. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असतो. त्यावर पट्टी ठेवून मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत रेघ ओढली तर ती जवळजवळ पश्चिमेकडे जाते. अरबस्तान, आफ्रिकेचे उत्तर टोक, मग अटलांटिक महासागर. पण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी सपाट नाही. सध्या कलिंगडांचे दिवस आहेत. घरी गेल्यावर एक गोल कलिंगड घ्या, त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्क अशा दोन खुणा गोलावरील आपापल्या जागी करा, आणि सुतळी ताणून धरा. सुतळी आपोआप सर्वांत जवळची वाट शोधते. ती पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढते, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया यांवरून वर जात पासष्टाव्या अक्षांशापर्यंत, म्हणजे नॉर्वे-आइसलंडच्या पट्ट्यापर्यंत पोहोचते, आणि मग खाली न्यूयॉर्ककडे उतरते. या वाटेला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. कलिंगडाचे बरोबर दोन सारखे भाग होतील असा काप घेतला, तर सालीवर उमटणारी कड म्हणजे बृहद्वृत्त. या वाटेने मुंबई-न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते.

हे अंतर काढायला विमानात बसावे लागत नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले की पुरे. जवळच्या गावांसाठी तर त्रिकोणमितीही फार लागत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मुंबईचा विमानतळ १९ अंशांच्या किंचित वर, नागपूरचा २१ च्या किंचित वर. म्हणजे उत्तरेकडे दोन अंश. पूर्वेकडे सहा अंशांहून थोडे अधिक. पण रेखांशाचे अंश उत्तरेकडे जाताना आखडत जातात, म्हणून ते पावणेसहा-सहाच्या दरम्यान धरायचे. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा. सुमारे ६८५ किलोमीटर येतात. नववीतल्या मुलाने हे गणित करावे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे, तो जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. म्हणजे मोटारीची वाट आणि पक्ष्याची वाट यांत आता फारसा फरक राहिलेला नाही. आपल्याकडे घाट, नद्या, वळणे यांमुळे हा फरक एरवी बराच असतो. सोलापूर-मुंबई सरळ रेषेत सुमारे ३६० किलोमीटर, रस्त्याने ४०० च्या घरात, आणि लोहमार्गाने ४५५.

तर अंतर हे असे आहे. ते कोणाच्या सोयीने बदलत नाही. ते काल होते तेवढेच आज आहे. पण वेळ? वेळाची गोष्ट निराळी.

१५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एकट्याने निघाले आणि अहमदाबादवरून मुंबईस जुहूला उतरले. हिंदुस्थानातील विमान टपालसेवेचा हा पाया. कराचीहून मुंबई सरळ रेषेत पावणेनऊशे किलोमीटरांच्या आसपास आहे. पण त्यांचे पस मॉथ विमान ते अंतर एका दमात तोडणारे नव्हते, शिवाय अहमदाबादचे टपालही होते. त्या वाटेने हजार किलोमीटर झाले. तासाला दीडशे-एकशेसाठ किलोमीटर अशी गती. सकाळी निघालेला माणूस दुपारी पोहोचला. ती वाट आजच्या जेट विमानाला सव्वा तासाची. जमीन तीच, शहरे तीच. वेळ मात्र पाचपटीने कमी झाला.

म्हणून आपल्याला वाटते की अंतराला गतीने भागले की वेळ निघतो. शाळेत आपण मुलांना हेच शिकवतो आणि परीक्षेत त्याला गुणही देतो. आता हा भागाकार मुंबई-नागपूरला लावून पाहू. ६८५ किलोमीटर, विमानाची गती तासाला ८०० धरा. उत्तर येते एकावन्न मिनिटे. पण वेळापत्रकात पाहा. तेथे साधारण दीड तास लिहिलेला असतो. उरलेली चाळीस मिनिटे गेली कोठे?

ती जमिनीवर गेली आणि जमिनीच्या जवळपास गेली. विमानाचा वेळ मोजतात तो चाके सुटल्यापासून. बैलगाडी उतारावर उभी केली की आपण चाकाखाली दगड लावतो ना? उभ्या विमानाच्या चाकांनाही तसेच अडसर लावतात. ते काढले की वेळ सुरू, आणि दुसऱ्या गावी पुन्हा लावले की वेळ संपला. मधल्या काळात विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाते, तेथे रांगेत उभे राहते, मग उडते. चढताना आणि उतरताना त्याची गती आठशे नसते. उतरण्याच्या गावी गर्दी असेल तर आकाशातच घिरट्या घालीत थांबावे लागते. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने सोडता-उतरवता येत नाहीत. एक अरुंद पूल आणि दोन्ही बाजूंनी उसाच्या गाड्या, असा तो प्रकार. यास्तव विमान कंपन्या वेळापत्रकात थोडा पदरचा वेळ घालूनच ठेवतात. जवळच्या प्रवासात हा जमिनीवरचा वेळ जवळजवळ निम्मा असतो. अंतर वाढते तसे त्याचे महत्त्व कमी होते. पण मग दुसरी गोष्ट पुढे येते. ती म्हणजे वारा.

वारा आपल्याला नवा नाही. बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या उगाच नव्हेत. ज्याने वाऱ्यावर तोंड करून सायकल मारली आहे, त्याला मी काय सांगू? पृथ्वीवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर, विशेषतः समशीतोष्ण पट्ट्यांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रचंड वेगाचे वारे आहेत. त्यांना झोतवारे म्हणतात. तासाला दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्यांची नेहमीची गती. हिवाळ्यात ती याहूनही वाढते. जपानचे एक हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावे म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्परांतो या बनविलेल्या जागतिक भाषेत छापला, आणि त्यामुळेच की काय, जगात फारसा कोणी वाचला नाही! दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, उंचावरून जपानकडे जाणारी अमेरिकन बाँबर विमाने या वाऱ्यांत सापडली, तेव्हा त्यांची जाणीव सर्वांना झाली.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठे वादळ होते. त्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचले. हेच अंतर उलट, लंडनहून न्यूयॉर्कला जाताना, सात-आठ तास घेते. जाण्याचे अंतर आणि येण्याचे अंतर एकच, तरी वेळ एक नाही.

कोणी म्हणेल, 'एका बाजूने जे गमावले ते दुसऱ्या बाजूने मिळाले. हिशेब चुकता झाला.' तसे होत नाही. ५,४०० किलोमीटरांची वाट घ्या, विमानाची गती ९००. वारा नसेल तर जाऊन येऊन बारा तास. आता तासाला शंभर किलोमीटरांचा वारा सोडा. वाऱ्याबरोबर जाताना गती हजार, वेळ पाच तास चोवीस मिनिटे. वाऱ्याविरुद्ध येताना गती आठशे, वेळ पावणेसात तास. बेरीज बारा तास नऊ मिनिटे. नऊ मिनिटे वारा खाऊन गेला. कारण उघड आहे: अनुकूल वारा थोडाच वेळ मदत करतो, प्रतिकूल वारा पुष्कळ वेळ अडवतो. संसारातला अनुभव काही निराळा नाही.

आता एक उदाहरण असे सांगतो की ज्यात लांबची वाट जवळची ठरली. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचे थेट विमान डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाले. सुतळी ताणून मोजले तर हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. प्रत्यक्षात विमान युरोप आणि अटलांटिकवरून जाई, तेव्हा सुमारे १३,९०० किलोमीटर होत, आणि सगळी वाट समोरचा वारा. ऑक्टोबर २०१६ मध्ये वैमानिकांनी विमान उलट्या बाजूने, पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेले. अंतर झाले १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. पण वारा पाठीशी होता. साडेचौदा तासांत विमान पोहोचले. आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर! परत येतानाही ते पूर्वेकडेच, अटलांटिकवरून, वाऱ्याबरोबर आले. म्हणजे जाऊन येण्यात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली. पंढरीची वाट कोणती जवळची, असे विचारल्यावर वारकरी जसा म्हणतो की 'दिंडी ज्या वाटेने जाते ती', तसेच हे आहे. वैमानिकाला जवळची वाट म्हणजे वारा ज्या वाटेने नेतो ती.

वारा झाला निसर्गाचा. पण आकाशात माणसांनी घातलेली कुंपणेही आहेत. जमिनीवर सरहद्द असते तशी तिच्या वरच्या आकाशातही असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैपर्यंत. पुढे २४ एप्रिल २०२५ रोजी त्याने ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केले. शेजाऱ्याने बांधावरची पाऊलवाट बंद केली की आपल्याला शिवाराला वळसा घालावा लागतो, तोच न्याय. युरोप-अमेरिकेकडे जाणारी विमाने अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली. अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. कलिंगडावरची सुतळी होती तेथेच होती. पण प्रवाशाच्या अंगावर आणखी काही तास पडले.

यानंतर येतो तो थांबा. थेट विमान सर्वांच्या नशिबी नसते. बहुतेकांना वाटेत विमान बदलावे लागते, आणि बदलण्याच्या जागी वेळ कसा वाचतो किंवा कसा बुडतो, याचे एक सुंदर उदाहरण आपल्या नागपूरचेच आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची विमान टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून टपाल घेऊन विमाने रात्री निघत आणि नागपूरला एकत्र जमत. नागपूरहून ही चारही शहरे सातशे ते हजार किलोमीटरांच्या आत आहेत. मध्यरात्रीच्या सुमारास तेथे थैल्यांची अदलाबदल होई, आणि विमाने परत फिरत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यास जाऊन पडे. ती विमाने आजच्या मानाने मंद. तासाला तीनशे किलोमीटरांच्या आतली. तरी पत्र रातोरात पोहोचे, कारण चारही विमानांच्या वेळा एकमेकींशी बांधलेल्या होत्या. जलद विमान असून पुढची गाडी चुकली, तर त्या जलदपणाचा काय उपयोग? बार्शी लाइटच्या काळातील जुनी माणसे येथे असतील. कुर्डुवाडीस मुख्य गाडी गाठायची असली तर रात्र फलाटावर काढणे म्हणजे काय, ते त्यांना सांगायला नको.

शेवटचा भाग विमानतळ ते घर. हा सर्वांत दुर्लक्षित, आणि कधी कधी जीवनमरणाचा. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय साधारणपणे चार तासांच्या आत दुसऱ्याच्या शरीरात धडधडू लागावे लागते. विमान एका तासात शहर गाठील. पण विमानतळ ते रुग्णालय हा दहा-पंधरा किलोमीटरांचा रस्ता गर्दीचा असला तर सारे व्यर्थ. म्हणून पोलीस तो रस्ता तेवढ्यापुरता मोकळा करून देतात. त्याला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांनी असे रस्ते मोकळे केलेले आहेत. डॉक्टर मंडळी आकाशातील वेळ जितक्या काळजीने मोजतात, तितक्याच काळजीने रस्त्यावरील मिनिटे मोजतात. कारण त्यांना दोन विमानतळांमधले अंतर नको असते. एका शरीरापासून दुसऱ्या शरीरापर्यंतचे हवे असते.

मंडळी, आता पुन्हा माझ्या बहिणीच्या अंगणात जाऊ, आणि मंगळवारी संध्याकाळी मी करावयास हवा होता तो हिशेब आज करू.

आपल्याकडे मंगळवारचे सात वाजले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत मंगळवारचीच सकाळ होती, साडेसहाची. उन्हाळ्यात ते साडेबारा तास मागे असतात, हिवाळ्यात साडेतेरा. पोराला मिळालेले पहिले विमान दुपारी चारचे. म्हणजे बातमी कळल्यापासून साडेनऊ तास तर जमिनीवरच गेले. हे तास मी धरलेच नव्हते. आपल्या घड्याळात तेव्हा बुधवारची पहाट, साडेचार. तेथून आखातापर्यंत साडेपंधरा तास. बुधवारी रात्री आठ. तेथे चार तास थांबा, मध्यरात्र. तेथून मुंबई तीन तास; गुरुवारी पहाटे तीन. तपासणी, सामान, बाहेर पडणे यांत दोन तास, पाच. तेथून गाडीने आपली पंचक्रोशी, विश्रांतीसह नऊ तास. गुरुवारी दुपारी दोन.

एकूण त्रेचाळीस तास. त्यांतले विमान प्रत्यक्ष चालले ते साडेअठरा. उरलेले साडेचोवीस तास, म्हणजे निम्म्याहून अधिक, जमिनीवर. मी मात्र आकाशाकडे बोट दाखवून सोळा म्हणालो होतो. दोन विमानतळांमधील वेळ मी सांगितला. लोकांनी मला दोन घरांमधील वेळ विचारला होता.

हे तिकिटावरचे आकडे खोटे असतात असे मी म्हणत नाही. ते खरे असतात, पण एका तुकड्यापुरते खरे. तो तुकडा म्हणजे सारा प्रवास, असे आपण समजतो, तेथे फसगत होते. म्हणून माझी आपणां सर्वांस विनंती आहे. ज्यांच्या घरची मुले परदेशी आहेत, त्यांनी एकदा निवांतपणे, काही प्रसंग नसताना, मुलांबरोबर बसून हा हिशेब कागदावर मांडून ठेवावा. पाच ओळी पुरेत: विमान मिळेपर्यंतचे तास, पहिले विमान, थांबा, दुसरे विमान, आणि शेवटचा रस्ता. खाली बेरीज. वाऱ्याचे आणि बंद आकाशाचे म्हणून वर काही तास. आणि मग, त्याहून कठीण गोष्ट: त्या बेरजेकडे पाहून घरच्यांनी आपसांत बोलून ठेवावे की प्रसंग आला तर थांबायचे की नाही. असे बोलणे अशुभ मानतात. मला वाटते, न बोलता दोन दिवस माणसाला अंगणात ठेवणे अधिक वाईट.

हाच हिशेब आपल्या जिल्ह्याच्या मागण्यांनाही लावावा. धाराशिवला धावपट्टी आहे, पण ठरल्या वेळी प्रवासी घेऊन जाणारे विमान तेथून सुटत नाही. सोलापूरहून २०२५ साली जूनमध्ये गोव्याचे आणि ऑक्टोबरात मुंबईचे विमान सुरू झाले, याचा सर्वांना आनंद झाला. पण येथून सोलापूरचा विमानतळ दोन तास धरा, तेथे तासभर आधी हजेरी, विमानाचा तास-सव्वातास, मुंबईत बाहेर पडून मुक्कामी जायला तासभर. पाच-सव्वापाच तास झाले. गाडीने आठ-नऊ. तीन-साडेतीन तासांची बचत, आणि तीही त्या विमानाची वेळ परदेशच्या विमानाशी जुळली तर! म्हणून 'आम्हांला विमान द्या' एवढेच म्हणून थांबू नये. पहाटे परदेशाहून उतरलेल्या माणसाला पुढे नेणारे विमान द्या, आणि त्या विमानाला जोडणारी एस. टी. द्या, असे म्हणावे. नागपूरच्या त्या जुन्या टपालसेवेने शिकवलेला धडा हाच.

माझा भाचा शुक्रवारी सकाळी रक्षा सावडायला आला. काम आटोपल्यावर आम्ही दोघे नदीच्या काठी बसलो. मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, 'मामा, तुम्ही मंगळवारीच गुरुवार दुपार म्हणाला असता, तर मी फोनवरच सांगितले असते की थांबू नका, ताईला करू द्या. मला विमानात बसल्या बसल्या एकच वाटत होते, की आई माझ्यासाठी तिष्ठत पडली आहे.'

तीस वर्षे मी मुलांना अंतर भागिले वेग बरोबर वेळ, असे शिकवले. आता कोणी मूल भेटले तर मी त्याला आणखी एक प्रश्न विचारतो: 'कोठून कोठपर्यंत?' हे ठरल्यावाचून भागाकार करू नये.